आक्कांचा मळहात

५ जानेवारी २००४
डायरी फुकटची आहे. खतं विकणाऱ्या दुकानानं वाटलेली, प्रत्येक पानाखाली शेतीचा एक सल्ला. आजचा सल्ला, 'उसाचं पाचट जाळू नका.' जाळणार नाही. राजारामपुरीत झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली, दोन संगणक आणि एक पंखा, एवढंच आमचं रान आहे.

पण आज पहिलं मोठं काम आलं. आजऱ्याच्या काजू कारखान्याला वेबसाइट करून हवी आहे. मालक अमरसिंह स्वतः जिना चढून आले. प्रसेनजीत रंग, चित्रं, मांडणी बघतो आणि मी मजकूर लिहिते, असं त्यांना सांगितलं. मजकुराला वेगळं माणूस लागतं हेच त्यांना पटेना.

"त्यात ल्ह्यायचं काय मॅडम? सुस्वागतम् घाला, माल एक नंबर म्हणा, फोन टाका खाली. झालं की."

"साहेब, असं सगळेच लिहितात. वाचणारा अर्धा मिनिट थांबतो आणि जातो. त्याला थांबवायचं तर पानावर एक माणूस दिसलं पाहिजे. कारखाना कुणी काढला?"

"आईनं. सगळी आक्का म्हणायची तिला. नऊ वर्सं झाली जाऊन."

मग ठरलं, की 'आमच्याविषयी' हे पान आक्कांच्याच तोंडून लिहायचं. कल्पना माझी. अमरसिंह खूश होऊन गेले. प्रसेनजीत म्हणाला, मेलेल्या माणसाला बोलायला लावणं म्हणजे अंगात आणण्याचा प्रकार झाला, तू बौद्धाची मुलगी ना? मी म्हटलं, गप बस आणि चहा सांग.

आई याच कारखान्यात काजू फोडायची हे मी अमरसिंहांना सांगितलं नाही. कामाशी काय संबंध?

१२ जानेवारी
अमरसिंहांनी आक्कांचा फोटो आणला. सत्याऐंशी सालचा, नव्या शेडच्या उद्घाटनाचा. एवढा एकच चांगला आहे म्हणाले. आक्का मधोमध, नऊवारी, ठसठशीत नथ, डोक्यावर पदर. करारी बाई. डाव्या कोपऱ्यात मात्र कुणा बाईचा ताट धरलेला हात मध्येच आला आहे. काळाकुट्ट, नखं खाल्लेली. सगळा नूर घालवतो. प्रसेनजीतला म्हटलं, तो हात काढून टाक. मजकूर काय आणि फोटो काय, काय ठेवायचं यापेक्षा काय काढायचं हे ज्याला कळतं तो जिंकला.

अमरसिंहांना फ्रेमही नवी करायची होती. फ्रेमवाल्याला कळावं म्हणून मी फोटोवर पेन्सिलीनं रेघ मारून दिली, इथपर्यंत कापा म्हणून. एकदम खूश.

२१ जानेवारी
आक्का कशा होत्या हे विचारायला आजऱ्याला गेले. अमरसिंहांना पंधरा प्रश्न विचारले. काय खायच्या, कशाला हसायच्या, चिडल्या की काय बोलायच्या? प्रत्येकाला एकच उत्तर. "कडक हुत्या." सोळाव्या प्रश्नाआधी ते स्वतःच थांबले आणि खिडकीबाहेर बघत बसले. "कडकच हुत्या," असं परत म्हणाले.

एवढ्यावर पान कसं लिहायचं? फाटकापर्यंत आले होते, पण काजू फोडायच्या शेडकडं गेले नाही. उन्हाचं डोकं दुखत होतं.

२९ जानेवारी
चार दिवस कागद कोरा. आज सकाळी बसले आणि दुपारच्या आत सगळं पान लिहून झालं. एक शब्द खोडावा लागला नाही. असं माझ्या बाबतीत कधी होत नाही. मी एक वाक्य तीनदा खोडणारी बाई.

काही ओळी इथं उतरवून ठेवते, कारण मला आवडल्या आहेत:

'काजूच्या टरफलात एक तेल असतं. ते कातडी खातं. आम्ही हाताला राख आणि एरंडेल चोळून बसायचो, तरी ते आत शिरायचंच. बोटं काळी पडायची, तळहाताची सालं निघायची. म्हणून लेकराच्या गालाला मी तळहात कधी लावला नाही. मळहातानं कुरवाळायची. हाताची ती बाजू तेवढी मऊ राहिली होती, ती मी लेकरासाठी राखून ठेवली.'

आणि पुढं: 'संध्याकाळी काम सुटलं की प्रत्येक बाईच्या ओटीत मूठभर तुकडा घालायची. ज्या घरात काजू फोडला जातो, त्या घरातल्या पोरानं काजू खाल्ला पाहिजे.'

तुकड्याचं खरं आहे. आई चार-पाच तुकडे घेऊन यायची आणि "आक्कांनी दिलं" म्हणायची. त्यांना खोबरेल तेलाचा वास यायचा. आजऱ्याच्या काजूला तो असतोच की काय, एकदा विचारायला हवं. बाकीचं कुठून सुचलं कोण जाणे. 'मळहात' हा शब्द तर मी कित्येक वर्षांत वापरला नव्हता.

४ फेब्रुवारी
अमरसिंहांनी पान वाचलं. दोनदा वाचलं. मग चष्मा काढून रुमालानं पुसत बसले, चष्मा कमी आणि डोळे जास्त.

"हे तुमाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. सुचलं."

"न्हाय न्हाय. सुचंल कसं? खरं हाय हे." त्यांनी हात उलटा केला आणि स्वतःच्या गालाला लावून बघितला. "असाच. असाच लावायची की! मी इसरूनच गेलतो."

ते गेल्यावर प्रसेनजीतनं मला पेढा आणून दिला. मजकूर जमला की वाचणाऱ्याला तो आपलाच वाटतो, हे मी नेहमी सांगते. पण असा जमल्याचं मी पहिल्यांदाच बघितलं. घरी येताना उगाच रडू येत होतं. आनंदाचंच असणार.

१७ फेब्रुवारी
ऑफिसात भाजक्या टरफलांचा वास येतो. तिखट, घशात बसणारा. खाली झेरॉक्स, शेजारी मिसळीचं दुकान, काजूचा काय संबंध? प्रसेनजीत म्हणतो, मला तर कटाचाच वास येतो आणि भूक लागते.

१८ फेब्रुवारी
आजही.

२१ मार्च, पाडवा
साइट सुरू झाली. मराठी अक्षरं दुसऱ्याच्या संगणकावर चौकोन-चौकोन दिसतात, म्हणून प्रसेनजीतनं मजकुराचं चित्र करून चढवलं. आता काना बदलायचा तरी सगळं पान नव्यानं करावं लागेल. मी म्हटलं, बदलायचं कशाला? त्यात चूक कुठं आहे?

आक्का फार छान दिसतात. नजर सरळ वाचणाऱ्याकडं, आणि शेजारी माझी ओळ: 'ये बाळ, बस.'

२ एप्रिल
लोक आक्कांना पत्रं लिहायला लागले आहेत. फोटोखाली 'आक्का गेल्या' असं कुठं लिहिलेलं नाही. मीच लिहिलं नव्हतं, दुकानाच्या पाटीवर सुतक कशाला. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून पाठवतात. पुण्याहून एकानं विचारलंय, आक्का, काजूकतली बिघडते, काय करू. एकीनं नुसताच नमस्कार पाठवलाय.

आणि एक मस्कतहून, प्रीती नावाच्या मुलीचं. तिची आई मागच्या दिवाळीत गेली. ती लिहिते, 'आक्का, तुमचं पान मी रोज उघडते. काजू नको आहेत मला. तुमचे हात आता बरे आहेत का?'

अमरसिंहांना फोन केला. ते म्हणाले, "उत्तर द्या की. तुमालाच जमतंय तिच्यागत बोलाय."

८ एप्रिल
प्रीतीला उत्तर दिलं. भर दुपारी, पंखा सुरू, प्रसेनजीत समोर. लिहिलं ते असं: 'बाळ, हात आता दुखत नाहीत. तू वेळेवर जेवतेस का? पुस्तक धुतल्या हातानं धर. परक्या गावात कुणी जात विचारली तर मान खाली घालू नको.'

पाठवल्यावर लक्षात आलं, हे शेवटचं आक्का कशाला म्हणतील? मराठ्यांच्या घरची बाई, कारखान्याची मालकीण. तिची जात कोण विचारणार? मजकुराच्या दृष्टीनं चूकच म्हणायची. पण बोटं थांबली नाहीत.

आणि लिहिताना डाव्या गालाला काहीतरी लागलं. मऊ, हाडं हाडं असलेलं. मी वळून बघितलं. मागं भिंत. पंख्याचा वारा असेल म्हणावं, तर त्याला राखेचा वास होता. मी घाबरले. आणि पुन्हा यावं म्हणून तशीच बसून राहिले. दोन्ही खरं आहे.

१० एप्रिल
काल आणि आज मिळून नऊ पत्रांना उत्तरं. एवढी नव्हतीच, काहींना दोनदा लिहिलं. लिहायला घेतलं की ती येते. ती म्हणजे आक्का.

१५ एप्रिल
आज अक्षर वाईट येईल.

काल जयंतीला गावी गेले होते, आजऱ्याजवळच्या आमच्या वस्तीत. आई गेली तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, त्यानंतर तिथं जाणं उरलंच नाही. मिरवणूक झाल्यावर झुंबरमावशीकडं गेले. झुंबरबाई म्हणजे कारखान्यात आईच्या शेजारच्या यंत्रावर बसायची ती. आता तिच्या अंगठ्याचा ठसासुद्धा उठत नाही. बँकेतला साहेब तीन-तीनदा शाई लावायला लावतो, म्हणून ती त्याला शिव्या घालत होती.

मी काय काम करते हे तिला कळेना, म्हणून पर्समधला छापलेला कागद काढला आणि आक्कांचं पान वाचून दाखवलं. थोडी मिरवायची हौसही होती. मळहाताशी आले तशी ती हसायला लागली.

"अगं, हे कुनाचं ल्हिलंयास?"

"आक्कांचं. मालकिणीचं."

"आक्कानं जल्मात काजूला हात लावला न्हाय! राख, एरंडेल, मळहात... शेवंता हाय ही. तुझी आय हाय की गं! तुला कुरवाळायची न्हवं अशी? तू तिचा हात पकडून उलटा करायचीस, तळवा दाव म्हणून रडायचीस. इसरलीस व्हय?"

मी विसरले होते. मला सातवीपासून कोल्हापूरला वसतिगृहात ठेवलं, ते शिकावं म्हणून. सुट्टीत आले तरी ती कामावर असायची. मला आई फारशी आठवत नाही असं मी सगळ्यांना सांगत आले आहे.

मी म्हटलं, "पण आक्का तुकडा द्यायच्या की. आई म्हणायची."

"आक्का दील? दारात खुर्ची टाकून बसायची ती. सुटताना एकेकीनं लुगड्याची ओटी झाडून दावायची, तवा फाटक उघडायचं. तुझी आय अंबाड्यात घालून आणायची. चार-पाच तुकडं, जास्ती न्हाय. अंबाडा सोड म्हणायचं आक्काला कदी सुचलं न्हाय."

खोबरेल तेलाचा वास केसांचा होता.

मला तिथंच भडभडून आलं. मावशीनं मला जवळ घेतलं, आणि तिनंही हात उलटा करूनच गालाला लावला. मग म्हणाली, "तिचा फोटो असंल बघ मालकाकडं. नव्या शेडचा कारेक्रम झाला तवा पैल्या फोडीच्या काजूचं ताट धरून हीच हुबी हुती. आक्कानं हातात घेतलं न्हाय ते. फोटोवाला म्हणला बाजूला सरका, तशी निम्मी भायेर गेली. हात तरी आला असंल."



१६ एप्रिल
ऑफिस उघडायच्या आधीच जिन्यात बसून राहिले. प्रसेनजीत आल्या आल्या म्हटलं, तो मूळ फोटो काढ, न कापलेला.

त्यानं शोधलं. मग दोन्ही सीड्या शोधल्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "जागा नव्हती गं मशीनवर. कापलेला तोच त्याच नावानं त्याच्यावर ठेवला. तूच म्हणालीस तो भाग नको म्हणून."

त्याच्यावर ओरडले. उगाच ओरडले. त्याचं काय चुकलं?

१७ एप्रिल
आजऱ्याला गेले. अमरसिंहांच्या केबिनमध्ये आक्कांचा फोटो नव्या फ्रेममध्ये, हार घातलेला. बरोब्बर माझ्या पेन्सिलीच्या रेघेवर कापलेला.

"साहेब, कापलेली पट्टी?"

"ती कोण ठेवतंय? फ्रेमवाल्यानं टाकली असंल की."

मग मी सगळं सांगितलं. आई इथं काजू फोडायची. पानावरचे हात तिचे, मळहात तिचा, पुस्तक धुतल्या हातानं धर म्हणणारीही तीच. तुकडे आक्कांनी कधी दिले नाहीत, आई ते अंबाड्यातून न्यायची. चोरी म्हणा हवं तर. पान बदला, हे माझं आहे.

मला वाटलं होतं ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. ते बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले.

"मॅडम, मला पाचवीतच पन्हाळ्याला बोर्डिंगात टाकलं. आई म्हटलं की मला काय आठवायचं सांगू? ऐतवारी डबा घिऊन येणारा गडी. पिराजी त्येचं नाव. आई गेली तवा रडू आलं न्हाय मला. बायकूनं चिमटा काढला, रडा म्हणून." त्यांनी भिंतीकडं बघितलं. "तुमचं वाचलं तवापास्नं आई आठवती. रोज. गालाला हात लागतोय तिचा."

"तो तिचा नाही."

"म्हाईत झालं की आता. तरीबी लागतोय."

मी फ्रेमकडं बघितलं.

"तुमच्याकडं तुमची आई हाय, आठवणीत. माझ्याकडं एवढीच हाय," ते म्हणाले. "र्‍हाऊ द्या की. पायजे तर खाली वळ घालतो, कामगार शेवंताबाई यांचे आभार म्हणून."

'खाली' हा शब्द मला चाबकासारखा लागला. राग आला, इतका की ती फ्रेम फोडावी. आणि त्याच क्षणी त्या पन्नाशीच्या माणसाची कीवही आली. त्यानं चोरलेलं नव्हतं. मी सोनेरी कागदात बांधून त्याच्या हातात दिलं होतं.

"ओळ नको," मी म्हटलं. "राहू द्या तसंच."

येताना गारगोटीपर्यंत खिडकीला डोकं टेकून बसले. मनाची समजूत घातली, की त्याला एक पान दिलं तर काय बिघडलं, माझ्याकडं खरी आई आहे.

२३ एप्रिल
आज ती खरी आई लिहून काढायला बसले. फक्त माझ्यासाठी, या डायरीत. वर 'आई' असं लिहिलं.

'आई हाताला राख आणि एरंडेल चोळायची.' हे साइटवर आहे. 'मला मळहातानं कुरवाळायची.' हेही आहे. 'ये बाळ, बस, म्हणायची.' आहे. पानभर लिहिलं, आणि एकही वाक्य असं निघालं नाही की जे आधीच आक्कांनी म्हटलेलं नाही. उरला फक्त अंबाडा. तोही मी झुंबरमावशीकडून ऐकला, मला स्वतःला नुसता वास आठवतो.

मग डोळे मिटले. वाक्यं जाऊ देत, चेहरा तरी माझा आहे म्हटलं. कपाळ आलं, डोळे आले, डोक्यावरचा पदर आला. आणि नथ आली.

आईनं आयुष्यात नथ घातली नाही. मी परत डोळे मिटले, परत तीच नजर, सरळ वाचणाऱ्याकडं. दिवसभर मी तेच करत होते. दर वेळी आई उठून येते, कूस बदलते आणि वळून बघते ती आक्का होऊन. मतदार ओळखपत्रावर तिचा फोटो होता, पण त्यात ती कुणासारखीच दिसत नव्हती, आणि ते कार्डही बाबा गेल्यावर कुठं गेलं देव जाणे.

संध्याकाळी प्रीतीचं पत्र आलं. तिनं विचारलंय, आक्का, परवा तुम्ही लिहिलं नाही, रागावलात का? मी उत्तर लिहायला बसले. लिहायला लागले की गालाला हात लागतो. आता ती तिथंच येते, आक्कांच्या नावानंच. दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारली तर येत नाही. म्हणून मी लिहिणं बंद करणार नाही.

तरी एक होतं. तिचं, तिचं एकटीचं, ज्यात आक्का नव्हत्या असं. जानेवारीत ते दहा मिनिटं माझ्या टेबलावर होतं, माझ्या पेन्सिलीखाली. ताट धरलेलं, फोटोच्या डाव्या कोपऱ्यात. ते दिसायला कसं होतं हे आठवेना, म्हणून मागची पानं उलटली. १२ जानेवारीला लिहून ठेवलेलं सापडलं. 'काळाकुट्ट, नखं खाल्लेली. सगळा नूर घालवतो.'

आईचं जगात एवढंच वर्णन शिल्लक आहे. अक्षर माझं आहे.